माझ्या वर माझी धाकटी जाऊ

जयकृष्णमामांनी कॅलेंडरच्या पाठीवर
आमचं घर काढून दाखवलं तेव्हा
पहिलं वर्तुळ त्यांचं स्वतःचं.
त्याखाली रेघ ओढून सुविधा,
सुविधाच्या खाली मी,
माझ्या खाली सासूबाई.
सासूबाईंनी चष्मा चढवून दोनदा पाहिलं.
"म्हणजे मी हिच्या खाली?"
"धंद्यात," मामा म्हणाले, "घरात तुम्हीच वर."
त्या पेजेचं भांडं उचलून आत गेल्या.
पण संध्याकाळी सही केली,
पहिला डबा देव्हाऱ्यापुढे ठेवला
आणि झाकणाला हळदकुंकू लावलं.

तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांचे दात
एकाच पेस्टने घासले जातात.
नणंद डिचोलीहून तीच पेस्ट घेऊन येते,
परत जाताना आम्ही तिला तीच पेस्ट देतो.
बारशाला प्रोटीनचा डबा,
साठीशांतीला प्रोटीनचा डबा.
चवथीला माटोळीखाली बसून भावजी
कुणाचा महिना किती भरला ते विचारतात,
आणि आरतीला आलेले शेजारी
प्रसाद घेऊन उभ्या उभ्याच निघतात.
पूर्वी ते बसत.

माशेलात आता दार उरलेलं नाही.
जिथं बेल वाजवावी तिथं
आधीच आमच्यातलं कुणीतरी येऊन गेलेलं.
म्हणून मार्चच्या एकोणतीसला, भर दुपारी,
मी स्कूटर पुलावरून सांत इस्तेवला घातली.
अठ्ठावीस पॉइंट कमी पडत होते.
कोन्सेसांवबायच्या बल्कांवाची पायरी चढले
तर तिथे सुविधा.
तीच निळी पिशवी, तेच हसू,
जे मामांनी आम्हा दोघींना
एकाच रविवारी, एकाच आरशासमोर शिकवलं होतं.

कोन्सेसांवबायने एकदा तिच्याकडे पाहिलं,
एकदा माझ्याकडे.
"तुमी दोगांय एकाच घरच्यो मगे?"
"एका चुलीवरच्या," सुविधा म्हणाली.
ते खरं नव्हतं.
पॉइंटांवरूनच गेल्या वर्षी सिलिंडर वेगळे झाले,
मधल्या खोलीत प्लायवूड उभं राहिलं.
बाय आत जाऊन कोकमाचे दोन पेले घेऊन आली.
भांड्यांचा साबण हवाय, म्हणाली, पण एकच.
कुणाकडून ते तुमचं तुम्ही ठरवा,
मला भेंड्यांना पाणी घालायचंय.

आम्ही समोरासमोरच्या सोप्यांवर बसलो.
कोकमात मीठ जास्त झालं होतं.
खाली मळ्यात ती बाई पाठमोरी,
हातभर लांब भेंड्यांच्या ओळीत वाकलेली,
तिच्यावर कुणीही नाही, तिच्याखाली कुणीही नाही,
नुसता एक पाइप.
सुविधा वहीचं पान उघडून मिटत राहिली.
मग म्हणाली,
"तुमच्या नावावर घाला, वहिनी."

धंद्यात शिरल्यापासून ती मला मॅडम म्हणते.

मला भरून यायला हवं होतं.
पण माझ्या नावावर पडलेल्या प्रत्येक पॉइंटातला वाटा
रेघेवरून वर तिच्याकडेच चढतो.
हे मला ठाऊक, हे तिला ठाऊक,
आणि मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक.
तरी ती वहिनी म्हणाली.
ते कुठल्या रकान्यात मांडायचं
मामांनी शिकवलं नव्हतं.

निघताना बायने दोघींना भेंडी दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सारखी सारखी.
पैसे पुढे केले तर हात झटकला,
"माल न्हय गो तो, भेंडे."

पुलावर सुविधा पुढे, मी मागे.
मध्यावर तिने स्कूटर बाजूला घेतली.
मला वाटलं, आता रविवारच्या मीटिंगचं काढणार.
हेल्मेटची काच वर करून तिने विचारलं,
"तुम्ही ह्यात सुकी सुंगटं घालता ना?
भाजून, की तशीच?"
"भाजून," मी म्हणाले. "डोकी काढून."
तिने मान हलवली,
जशी ती कुठल्याच मीटिंगमध्ये हलवत नाही.

साबण दीड पॉइंटाचा होता.
साडेसव्वीस अजून बाकी.